सहा, आणिक एक

बास गिटार विजेला जोडली नाही तर जवळजवळ ऐकू येत नाही. या एकाच गुणावर ती आमच्या घरात शिरली. व्हायोलिन आणलं असतं तर समोरच्या भांडीवाल्यापासून कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत सगळ्यांनी माझं शिकणं ऐकलं असतं आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चार दिवसांत ते परत द्यायला लावलं असतं. बासचं तसं नव्हतं. मी पलंगावर बसून जीव तोडून वाजवत असायची आणि दारातून आई विचारायची, नुसती काय बसलीस, शेंगा तरी सोल.

साठचं दशक संपत आलं होतं. इकडे कन्नड मुलुखात, चिकपेटेत आमचं कापडाचं दुकान, दुकानाच्या मागे स्वयंपाकघर, आणि वर घर. आमची माणसं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडे आली असं अप्पा सांगत. घोड्यांचं पुढे काय झालं ते सांगत नसत. एवढ्या वर्षांत आमचं मराठी लोणच्यासारखं झालं होतं. कैरी ओळखू येई, मसाला इकडचा. आम्ही 'बरं' म्हणायच्या जागी 'सरी' म्हणायचो, 'थोडं' कुणी म्हणतच नसे, 'स्वल्प' म्हणत, आणि गिऱ्हाईक बाई कुठल्याही वयाची असो, ती अक्का.

मी कॉलेजात होते. एक लांब वेणी, नाकावर काळा चष्मा. चष्मा उन्हासाठी नव्हता. त्या वयात मी स्वतःला फार गूढ समजत असे आणि गूढ माणसाचे डोळे दिसू नयेत असं माझं मत होतं. त्या चष्म्यापायी मी सिटी मार्केटच्या स्टँडवर दोनदा चुकीच्या बसमध्ये चढले, त्यातली एक पार गावाबाहेर येलहंक्याला जाऊन थांबली. तिथून परत येताना मी कंडक्टरला सांगितलं की मला येलहंक्यालाच काम होतं. त्याने विचारलंही नव्हतं.

माझी कॉलेजातली जिवलग मैत्रीण दंडूत राहायची. कँटोन्मेंटला आमच्याकडे दंडूच म्हणत. तिचं घर अँग्लो-इंडियन, व्हरांड्याला लाकडी जाळी, मागे मोटारीविना पडलेलं एक गॅरेज. त्या गॅरेजमध्ये तिचा भाऊ ड्रम वाजवायचा. त्याचा एक शाळासोबती गिटार वाजवायचा आणि गायचाही. तिसरा बासवर होता. त्याचे वडील रेल्वेत, राहायला के. आर. पुरमला. मैत्रिणीचा मामा विलायतेत होता. तो पार्सलमधून रेकॉर्डी पाठवायचा, आणि शनिवारी दुपारी केक खात खात आम्ही त्या ऐकायचो.

त्या रेकॉर्डींत वर्षभरात काहीतरी बदललं. आधीची सगळी गाणी चारात चालायची, कुणीही टाळ्या पिटाव्यात अशी. मग अशी गाणी यायला लागली की टाळी पिटायला गेलं की टाळी उघडी पडायची. कधी पाच, कधी सात, कधी मध्येच भलतंच. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला पुढे कधीतरी कळलं. आम्ही त्यांना 'वाकडी गाणी' म्हणायचो. पहिल्यांदा सातातलं एक गाणं ऐकलं तेव्हा मी हसायलाच लागले. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, पाय हवेत पडावा, आणि तरीही आपण न पडता चालतच राहावं, असं ते होतं. मी तीच बाजू परत परत लावायला लावली. केकवर माशी बसली तरी मला कळलं नाही, आणि केक म्हणजे माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास के. आर. पुरमचा बासवाला घरच्यांबरोबर ऑस्ट्रेलियाला निघून गेला. त्या दिवसांत दंडूतून दर महिन्याला कुणीतरी असं बोटीत बसायचंच. बोटीवर सामान फार होतंय म्हणून तो बास गिटार गॅरेजमध्ये ठेवून गेला. ती तिथे भिंतीला टेकून उभी होती. मी सहज म्हणून पट्टा गळ्यात अडकवला आणि समोरच्या भिंतीवरच्या जुन्या आरशात पाहिलं.

संगीताच्या ओढीने मी बास उचलली असं नातवंडांना सांगत आले आहे. खरं कारण तो आरसा. मला ती फार शोभत होती.

गिटारवाल्याने मला शिकवायचं कबूल केलं, कारण दुसरं कुणी मिळत नव्हतं. चार तारा, दोरीएवढ्या जाड. डाव्या हाताने दाबायच्या, उजव्या हाताच्या दोन बोटांनी ओढायच्या. आठवड्यात त्या दोन बोटांना फोड आले. गरम सारू-भात कालवताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि आईला वाटायचं सारू तिखट झालाय. ती बिचारी रोज मिरची कमी करत गेली. शेवटी अप्पा म्हणाले, ही ताटातली गोष्ट सारू आहे की तीर्थ?

गिटार घरी न्यायची तर अप्पांना सांगणं भाग होतं. मी नीट विचार करून गेले. म्हटलं, अप्पा, चार तारांचं वाद्य आहे, खाली खाली सूर धरायचा असतो, गाणारा दुसराच असतो. अप्पांनी विचारलं, म्हणजे तंबोरा? मी म्हटलं, तसाच, पण आडवा धरतात. अप्पांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना सांगू लागले की आमची मुलगी दंडूत आडवा तंबोरा शिकते. अट एकच, दिवेलागणीच्या आत घरी. इतकं सोपं गेलं की मी थोडी खट्टूच झाले. मी बंडाची तयारी करून गेले होते. काळा चष्मासुद्धा लावला होता.

आता ही न ऐकू येणारी वस्तू घरी वाजवायची कशी? ती युक्ती मला अपघातानेच सापडली. पलंगाशेजारी सागवानी कपाट होतं. एकदा गिटारचं डोकं चुकून त्याला टेकलं आणि अख्खं कपाट बोलायला लागलं. घुम्म, घुम्म. मग मी रोज तिला कपाटाला टेकवूनच वाजवायला लागले. कपाटावर आईचा पाण्याचा पितळी लोटा असायचा. एका विशिष्ट सुराला, आणि त्या एकाच सुराला, तो लोटा थरथरून झिणझिणायचा. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, परत तो लोटा बोलला बघ. तिला ते काही बरं लक्षण वाटत नव्हतं. ती लोट्यातलं पाणी बदलायची. मी तो सूर टाळायला शिकले आणि गॅरेजमध्ये गिटारवाला डोकं धरून विचारायचा की हिला हा एक सूर वर्ज्य का आहे.

असे चार-सहा महिने गेले. चारातली गाणी मला बऱ्यापैकी यायला लागली. मग गिटारवाल्याने स्वतःचं एक गाणं केलं, अर्थातच वाकडं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सातात. दंडूतल्या एका शाळेच्या मैदानावर जत्रा भरायची होती. केक, लॉटरी, फेकाफेकीचे खेळ, आणि संध्याकाळी पाचला बँड. त्यात हे गाणं वाजवायचं ठरलं. स्टेजवर चढायची माझी पहिली वेळ. मी लगेच साडी ठरवली. गाणं यायचं होतं अजून.

आणि ते येईना. सहा मात्रांपर्यंत मी रेल्वेसारखी रुळावर, सातव्याला घसरायची. मी सातव्याला पोहोचून परत पहिल्यावर यावं तोवर बाकीचे दोघे पुढच्या आवर्तनात निघून गेलेले असायचे. ड्रमवाला मला सात बोटं दाखवायचा, काड्यांनी पत्र्यावर सात ठोके द्यायचा. मी मान डोलवायची, आणि पुन्हा तेच. त्याचा स्वभाव गोड, पण जत्रा जवळ आली तसा तोही घायकुतीला आला.

अशात एक नवीन माणूस गॅरेजमध्ये आला. वडील पुण्याहून बदली होऊन इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आलेले, हा इंजिनियरिंग शिकणारा. गोरा, इस्त्रीचा शर्ट, आणि मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधलेला स्वतःचा अँप्लिफायर. आमचा अँप्लिफायर म्हणजे एक जुना रेडिओ होता, त्यात बास सोडली की तो खोकायचा. शिवाय हा गृहस्थ थोडी बासही वाजवायचा. हे गृहस्थ पुढे माझे नवरे झाले. आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आश्चर्य वाटून घ्यायचा तुम्हाला त्रास नको. त्या दिवशी मात्र मला ते अजिबात आवडले नाहीत.

ड्रमवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. फार अवघडून, बुटाकडे बघत. येत्या शनिवारी शेवटची तालीम. तोवर सात जमलं तर जत्रेत मी. नाही जमलं तर अँप्लिफायरवाला. अँप्लिफायर तर लागणारच होता.

मी घरी आले ते बसमध्ये खिडकीकडे तोंड करून. काळ्या चष्म्याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला.

बुधवारी मी पुन्हा गॅरेजमध्ये गेले. पुणेकर अँप्लिफायरच्या तारा जोडत माझ्या पायाशीच बसले होते. आम्ही गाणं सुरू केलं, मी घसरले, आणि खालून हसू ऐकू आलं. मी थांबले. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"अहो, हे तुम्ही काय मोजताय?"

मी म्हटलं, मात्रा मोजतेय, काय मोजणार.

"नाही, मोठ्याने मोजा एकदा."

मी मोजलं. रागानेच मोजलं. "लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणिक एक."

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या दुकानात कापड मोजताना पहिल्याला कुणी 'एक' म्हणत नसे. पहिलं माप म्हणजे लाभ. ही रीत पुष्कळ व्यापाऱ्यांच्या घरी असते, धान्य मोजणारेही म्हणतात. आमच्याकडचं जास्तीचं सोवळं सातचं होतं. सात म्हटलं की शनीला आपल्या दुकानाची आठवण होते, साडेसाती दार शोधत येते, असं आमच्या पणजोबांनी कधीतरी ठरवलं होतं. म्हणून सहाच्या पुढे 'आणिक एक', आणि त्यानंतर सरळ आठ. शाळेत पाढे म्हणताना आम्ही 'सात' म्हणायचो, पाढ्यांना चालायचं. पण हाताने काही मोजायचं झालं, वार असो, लाडू असोत, की वाळत घातलेले पापड असोत, तोंडातून 'आणिक एक'च यायचं. मी कधी ठरवून ते म्हटलं नाही. गॅरेजमध्ये हात चालायला लागला आणि आतल्या आत दुकान सुरू झालं, एवढंच.

'सात' म्हणायला एक मात्रा लागते. 'आणिक एक' मी दोन मात्रांत म्हणत होते. सातव्या मात्रेवर 'आणिक', आणि 'एक' म्हणेपर्यंत इतर सगळे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. सबंध बँड सातात आणि मी एकटी आठात.

पुणेकरांनी हे बाकीच्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं. ते गप्प बसले असते तर माझी जागा शनिवारी आपोआप त्यांना मिळाली असती. पण त्यांना हसू आवरेना. लग्नानंतर मी विचारलं की तेव्हा मदत म्हणून सांगितलंत का. म्हणाले, छे, इतकी मजेची गोष्ट पोटात ठेवता येईना. ड्रमवाल्याला 'लाभ' हा शब्द एवढा आवडला की तो त्या दिवसापासून मला त्याच नावाने हाक मारायला लागला.

"सोपं आहे," पुणेकर म्हणाले. "सात म्हणा."

मी म्हटलं, आमच्यात म्हणत नाहीत.

"मग आठातच राहा."

त्यांचं ते स्वच्छ, कडक मराठी मला त्या वेळी झोंबलं. घरी जाऊन मी दार लावलं, गिटार कपाटाला टेकवली आणि मोजताना 'सात' म्हटलं. जन्मात पहिल्यांदा. खाली दूध उतू गेलं. आईने चुलीवर लक्ष नव्हतं म्हणून सांगितलं, पण मला खरं कारण माहीत होतं. पुन्हा म्हटलं तर दुकानातून कापडाचा गठ्ठा पडल्याचा आवाज आला. माझी अवस्था अशी झाली की सहा झाले की हात थबकायचा, 'सात' भीत भीत निघायचं, आणि आता मी सातव्याला उशिरा पोहोचायला लागले. आधी निदान आत्मविश्वासाने चुकत होते.

मग मी इतर मार्ग काढले. सात पावलं टाकून थांबत मार्केटला गेले, मागून येणारा हमाल माझ्यावर आदळला. सात घास खाऊन पाणी प्यायले. आईची वेणी घालताना सात पेड घालता येतील का ते पाहिलं. आईने फणी हिसकावून घेतली आणि म्हणाली, तो आडवा तंबोरा डोक्यात गेलाय.

शुक्रवारी दुपारी मी दुकानात बसले होते. बसले म्हणजे तोंड पाडून गादीच्या कडेला टेकले होते. एक गिऱ्हाईक बाई पडद्यांचं कापड घ्यायला आली. सगळं घर नव्याने रंगवलं होतं तिने, त्यामुळे कापड पुष्कळ. अप्पांनी गठ्ठा उलगडला. सरकारने मीटर आणून काही वर्षं झाली होती. अप्पा मीटरचीच लोखंडी पट्टी वापरत, पण तिला वारच म्हणत आणि ती मुद्दाम लांब केली आहे अशी तक्रार करत.

"लाभ," अप्पा म्हणाले. कड पट्टीवरून सरकन ओढली, टोकाशी चिमटीत धरली, हात परत. "दोन." चिमूट, हात परत. "तीन." अप्पा मोजताना कुणाकडे बघत नसत. अंग किंचित डुलायचं. मी हे जन्मापासून बघत होते, म्हणजे खरं तर कधीच बघितलं नव्हतं. "पाच." हात परत. "सहा आणिक."

मी ताठ बसले.

"एक," अप्पा म्हणाले, आणि चिमूट बसली.

त्यांनी 'आणिक' सातव्या मापात घेतलंच नव्हतं. सहाव्याची चिमूट बसली, 'सहा' म्हटलं, आणि हात परत जाता जाता, मोकळ्या हाताने, 'आणिक' उरकून टाकलं. सातव्यासाठी फक्त 'एक' उरला. आठव्याची वेळ आली तेव्हा त्यांचा हात जिथे असायला हवा तिथेच होता. तीनशे वर्षं आमच्या घराण्याने शनीला चकवलं आणि मापही बिघडू दिलं नाही. मी मात्र अर्धीच गोष्ट शिकले होते.

मी म्हटलं, अप्पा, परत मोजा.

"का? कमी भरलं?" अप्पांचा चेहरा पडला. गिऱ्हाईक बाईही संशयाने पट्टीकडे बघायला लागली.

मी म्हटलं, नाही, नुसतं परत मोजा. अप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं, बाईंना "स्वल्प तडी, अक्का" म्हणून थांबवलं आणि अख्खा पडदा पुन्हा मोजला. मी मांडीवर बोटं चालवली. सहा-आणिक, एक. लाभ. माप तेवढंच भरलं. बाई खूश झाली, असं दोनदा मोजून देणारं दुकान तिने पाहिलं नव्हतं. ती उशांचे अभ्रेही घेऊन गेली.

शनिवारच्या तालमीला मी काळा चष्मा घरी विसरून गेले. सहाव्या मात्रेवर 'सहा-आणिक' साठी मी दोन छोटे सूर भराभर घेतले, सातव्यावर एक लांब सूर टाकला आणि पहिल्यावर सगळ्यांच्या बरोबर उतरले. एकदा, दोनदा, सबंध गाणंभर. गिटारवाला वाजवता वाजवता वळून बघायला लागला. त्याने त्या जागी एकच सूर लिहिला होता. थांबल्यावर त्याने विचारलं की ते सहाव्यावरचं काय आहे. मी म्हटलं, काढून टाकू का? तो म्हणाला, हात लावू नकोस त्याला, गाण्याला आत्ता पाय फुटले. ड्रमवाल्याने काड्या खिशात घातल्या आणि म्हणाला, जत्रेत लाभ वाजवणार. पुणेकर अँप्लिफायरचं एक बटण पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की आवाज किती ठेवू ते सांगा.

आता जत्रेचं. आई-अप्पा दोघंही आले. रामनवमीच्या मांडवातल्या गाण्याच्या कचेरीला जावं तसे आले, म्हणजे वेळेच्या आधी, पहिल्या रांगेत, आणि डब्यात कुरकुरीत कोडबळी घेऊन. मी ठरवलेली साडी नेसले होते. पट्ट्याखाली पदर अडकू नये म्हणून आईने मला इतक्या पिना लावल्या होत्या की मला खोल श्वास घेता येत नव्हता. तरी मी स्टेजवर एका बाजूने उभी राहिले, कारण आरशात मी त्या बाजूने बरी दिसायची. मैदानातलं एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हतं. बास वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नसतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझ्या पिनांचा खर्च वाचला असता.

आमच्या आधीच्या बँडने नाचायची गाणी वाजवली होती आणि गवतावर जोडपी अजून उभीच होती. आमचं गाणं सुरू झालं तशी ती नाचायला लागली. सातव्या मात्रेला सगळ्यांचा एक एक पाय अधांतरी. एका मोठ्या टोपीवाल्या बाईंनी नवऱ्याच्या बुटावर पाय दिला, पुढच्या आवर्तनात त्यांनी तो परत दिला. हळूहळू जोडपी कडेला गेली. लहान मुलं मात्र थांबली. त्यांना त्या चुकणाऱ्या पायरीचीच मजा वाटत होती, दर वेळी सगळी मिळून लंगडी घालत होती.

मध्ये गिटारवाल्याचा एकट्याचा भाग होता. तो रंगात आला आणि लांबत गेला. आणि त्यात ड्रमवाला हरवला. माझ्यासमोर सात बोटं नाचवणारा तो, लंगडणाऱ्या मुलांकडे बघून हसला आणि त्याचं मोजणं सुटलं. मला ते आधी पाठीत कळलं, मग कानात. त्याचा जोराचा ठोका भलतीकडे पडायला लागला. गिटारवाला डोळे मिटून त्याच्या मागे निघाला. ड्रमवाल्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट ओळखीचं होतं, कारण काही महिने ते माझ्या चेहऱ्यावर होतं.

माझे दोन्ही हात अडकलेले. मान हलवावी तर पिना. मी आतल्या आत पट्टीवरून कापड ओढत होते. चार. पाच. सहा-आणिक. एक.

"लाभ!"

मी किती मोठ्याने ओरडले ते मला कळलं नाही. समोर मायक्रोफोन होता, त्यामुळे ते मैदानाच्या पलीकडच्या लॉटरीच्या तंबूपर्यंत गेलं. ड्रमवाल्याला त्याचा आवडता शब्द बरोबर ऐकू गेला. पुढच्या आवर्तनाला मी पुन्हा ओरडले आणि तो धाडकन पहिल्या मात्रेवर येऊन बसला. गिटारवाल्याने डोळे उघडले. तिघे एकत्र आलो आणि तिथून शेवटापर्यंत जे वाजलं ते मी आजही शब्दांत सांगू शकत नाही. एवढंच सांगते की त्या वेळी मी कुठल्या बाजूने उभी आहे ते विसरले होते.

पहिल्या रांगेत अप्पा कोडबळं हातात धरून ताठ बसले होते. दंडूतल्या गोऱ्या-सावळ्या टोप्यांच्या गर्दीत त्यांच्या दुकानातला शब्द त्यांना कुणीतरी हाक मारावी तसा ऐकू आला होता. त्यांनी ते कोडबळं गाणं संपेपर्यंत खाल्लं नाही.

परतीच्या बसमध्ये मी अप्पांच्या शेजारी बसले. गिटार आम्हा दोघांच्या गुडघ्यांवर आडवी. दिवेलागण कधीच होऊन गेली होती आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. आई मागच्या सीटवरून म्हणाली की खुर्चीतून काहीतरी पोटापर्यंत येत होतं, ते तू होतीस का. मी हो म्हटलं. "म्हणजे लोटाही तूच," ती म्हणाली. टाऊन हॉल गेल्यावर अप्पांनी विचारलं, "एकूण किती वार झालं?"

मी म्हटलं, अप्पा, एकूण नाही मोजलं. आम्ही आणिक एक झालं की पुन्हा लाभावर येतो. आठ कधी येतच नाही.

अप्पांनी ते मनात मोजून पाहिलं. बोटं गिटारच्या पाठीवर हलली. "म्हणजे सारखा लाभच," ते म्हणाले. "आणि कापड संपत नाही."

मी म्हटलं, हो.

"सरी. मग तू दुकानाच्या कामाची नाहीस. तिकडेच जात जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिटार कपाटाला टेकवली आणि सवयीने तो सूर टाळायला गेले. वर बघितलं तर लोटा जागेवर नव्हता. आईने तो खाली नेऊन स्वयंपाकघरात ठेवला होता. मी तो सूर घेतला, भरपूर वेळ धरला, आणि खालून आई म्हणाली, आता कसा गप्प बसलाय बघ.